किडकी भेंडी

आमच्या मामेसासऱ्यांच्या घरात आजवर एकही भाजी सुखासुखी शिजलेली नाही. कोपर स्टेशनाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरलेल्या प्रत्येक भाजीला शेगडीपर्यंत पोहोचण्याआधी तीन टबांतून जावं लागतं, आणि त्या वाटेत ती जे काही भोगते ते पाहिलं की गरम तेलाची फोडणी हा तिला सुटकेचा क्षण वाटत असणार. पहिला टब मिठाच्या पाण्याचा, दुसरा खाण्याच्या सोड्याचा आणि तिसरा नुसत्या पाण्याचा. पण हे नुसतं पाणी तीनदा बदलायचं. मामा सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडतात, हात पाण्यात घालतात आणि तीन वेळा उजवीकडे, तीन वेळा डावीकडे असं ढवळतात. मामींनी एकदा त्यांना लांब दांड्याचा डाव आणून दिला होता. तो त्यांनी कौतुकाने उलटसुलट पाहिला आणि खिळ्याला टांगून ठेवला. द्राक्षं आणली तर घड सोडवून एकेक मणी चोळायचा. कोबीची वरची चार पानं थेट कचऱ्यात. फ्लॉवरला ते भाजीच मानत नाहीत. "ती औषधाची बाटली आहे हो, जावईबापू, फक्त झाकण पांढरं," असं म्हणतात. गणपतीत दूर्वासुद्धा सोड्याच्या पाण्यातून निघतात आणि तोवर गुरुजी पळी हातात धरून ताटकळतात. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा सकाळी अकराला पोहोचलो आणि दुपारी तीनला पानावर बसलो. मला वाटलं, यांच्याकडचा काहीतरी रिवाज असेल. परत येताना बायको म्हणाली, "रिवाज कसला रे? मेथी होती."

गंमत अशी की हे सगळं करणारा माणूस उभं आयुष्य शेतकऱ्यांना फवारणीची औषधं विकत होता. औषध हा शब्द त्यांचाही आणि शेतकऱ्यांचाही. त्या धंद्यात विष असं कोणी म्हणत नाही. एका कंपनीत ते फिल्डमन होते. म्हणजे मोटारसायकलच्या मागे खोकं बांधायचं, मुरबाड-शहापूरकडची गावं पालथी घालायची, बांधावर बसून बिडी नाकारायची, चहा घ्यायचा, आणि पानावरची अळी दाखवून तिच्यावरचा उतारा विकायचा. मामा त्यात फार हुशार होते असं सगळेच सांगतात. ते स्वतः जरा जास्त वेळा सांगतात. नोकरी संपून बारा-तेरा वर्षं झाली, पण धंद्याची भाषा सुटलेली नाही. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा रंग पाहून शेतकरी 'हे पिकाला पौष्टिक' असं समजायचे, आणि फिल्डमन लोक तो समज काही फार घाईने दूर करत नसत. पुढे मामांनी हे त्रिकोण सगळ्या नातेवाइकांना वाटून टाकले. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, लाल. झाकण उघडण्याआधी सूचना वाचाव्यात. सोसायटीचे सेक्रेटरी पिवळे. मी निळा, म्हणजे पुरेशी काळजी घेतली तर अपाय नाही. एकदा मी विचारलं, "आणि मामा, तुम्ही?" ते पाण्यात हात फिरवत म्हणाले, "विकणाऱ्याला रंग नसतो, जावईबापू."

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही एक शिक्षा आहे आणि मी ती बऱ्याचदा भोगली आहे. स्टेशनाबाहेर हिराबाई नावाची जवळच्याच गावातली एक बाई बसते. स्वतःच्या मळ्यातली पालेभाजी आणि शिवाय इकडची तिकडची फळभाजी असा तिचा संसार. मामा तिच्यापुढे उकिडवे बसतात, एकेक भाजी नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि न्यायाधीशाच्या सुरात सांगतात, "परवा संध्याकाळी मारलंय." आजूबाजूची गिऱ्हाइकं हातातली भाजी हळूच खाली ठेवतात. मग मामा आपली नेहमीची मागणी करतात, "हिराबाई, किडकी भेंडी आहे का?"

"काका, आख्खा बाजार चांगली भाजी मागतंय, तुमालाच कशी किरकी लागतं?" हिराबाई कमरेवर हात ठेवून विचारते. "काकींवर राग हाय काय?"

"अळीने खाल्लंय म्हणजे माणसाने खायला हरकत नाही," मामा म्हणतात. "तिच्याइतका चोख तपासनीस सरकारकडेसुद्धा नाही."

हिराबाई व्यवहाराला पक्की आहे. बकरीच्या वाटणीची म्हणून बाजूला काढलेली भाजी ती मामांना पूर्ण भावाने देते आणि वर "तुमच्यासाठी राखून ठेवली" असंही ऐकवते. मामांना हे कळतं का, ते मला सांगता येत नाही. पण तिच्याबद्दल त्यांना खरी काळजी आहे. एका दिवाळीत त्यांनी रबरी हातमोज्यांचे दहा जोड विकत घेतले आणि हिराबाईला व तिच्या गावातल्या, शीळफाट्याच्या बाजूला पालेभाजी पिकवणाऱ्या बायकांना वाटले. औषध मिसळताना, फवारताना घालायचे, फवारा वाऱ्याकडे तोंड करून मारायचा नाही, मग साबणाने हात धुवायचे, असं अर्धा तास समजावलं. महिन्याभराने हिराबाई लांबूनच हात हलवून म्हणाली, "काका, तुमचं मोजं लय भारी निघालं. आता चिंबोरी चावत नाय!" दहाच्या दहा जोड खाडीच्या चिखलात खेकडे धरायच्या कामी लागले होते. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हिराबाईने आठवणीने चिंबोऱ्या पाठवल्या, त्यांचं कालवण झालं, आणि कालवण होण्याआधी चिंबोऱ्याही तिन्ही टबांतून गेल्या.

नाकाबद्दलची खरी गोष्ट मला मामींनी सांगितली. मी एकदा मामांच्या वास घेण्याचं कौतुक करत होतो, तर त्या स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून हळूच म्हणाल्या, "कसला वास नि कसलं काय. परवा दूध करपून पातेलं काळं पडलं आणि हे इथे शेजारी बसून पेपर वाचत होते. नोकरीत असताना गोदामात खोकी फुटली होती, तीन दिवस ते आवरत होते. त्यानंतर हळूहळू वास यायचा गेलाच." त्यामुळेच गेला असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत, आणि त्यामुळे नाही असंही म्हणत नाहीत. म्हणजे बाजारातलं ते डोळे मिटून वास घेणं हे शुद्ध नाटक होतं. मला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू. फिल्डमन निवृत्त झाला होता, त्याची प्रात्यक्षिकं चालूच होती.

दर वर्षी भेंडीच्या हंगामात मामांचं आणखी एक नाटक होई. सकाळी धुतलेला सदरा घालायचा, खांद्याला पिशवी लावायची, "मुरबाडला काथोडकडे जाऊन येतो" असं सांगून कल्याणच्या एसटी स्टँडवर जायचं. संध्याकाळी पिशवीत भेंडी घेऊन परत. ती भेंडी कल्याणच्या बाजारातली असे हे मामींना पहिल्याच वर्षी कळलं होतं, कारण मामा ती टबात टाकत. काथोडकडची भेंडी टबात टाकायची नसते. हे काथोडदादा मुरबाडच्या पुढच्या एका गावात भेंडी पिकवतात. तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांची एक रीत आहे: बाजाराच्या भाजीवर हवं तितकं औषध मारायचं, पण घरच्या खाण्यासाठी दोन सऱ्या वेगळ्या राखायच्या आणि त्यांना औषधाचा थेंबही लागू द्यायचा नाही. त्या सरीतली भाजी विकत नाहीत. ती घरात खातात, नाहीतर ज्याला घरचा मानलं त्याला देतात. मामा नोकरीत होते तोवर काथोडदादा त्यांना दर फेरीला घरच्या सरीतली भेंडी पिशवी भरून देत. "आणि मी विकायला गेलेलो असायचो ते औषध," मामा एकदा म्हणाले. तेव्हा ते द्राक्षाचे मणी चोळत होते, मी समोर स्टुलावर बसलो होतो, आणि बाकीचं त्यांनी मान वर न करता सांगितलं.

तीस-एक वर्षांपूर्वी कंपनीने लाल त्रिकोणाचं एक नवं औषध आणलं. शेतकरी त्याला घाबरत होते, कारण कोणाला तरी ते मिसळताना घेरी आली होती. काथोडदादांच्या खळ्यावर सगळा गाव जमला. मामांनी पिंपात पाणी भरलं, आपल्या खोक्यातला डबा ओतला, पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग त्यांनी बाही दुमडून कोपरापर्यंत हात आत घातला आणि ढवळलं, तीन वेळा उजवीकडे, तीन वेळा डावीकडे. हात वर करून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "बघा, मी मेलो का?" त्या हंगामात त्यांच्याइतका माल जिल्ह्यात कोणी विकला नाही.

"डब्यात काय होतं ठाऊक आहे?" मामांनी मला विचारलं.

"औषध."

"दुधाची पावडर. औषधाचं पाणीही पांढरंच होतं, कोणाला कळणार?"

"सगळेच फिल्डमन असं करायचे का?"

"ते मला विचारू नका," मामा म्हणाले. "मी केलं."

आणि तेव्हापासून काथोडदादा पिंपात हात घालून औषध मिसळत आले. खऱ्या औषधात. मामा दर हंगामात त्यांना भेटत, ते मोठ्या अभिमानाने हात घालून दाखवत, आणि मामा शाबासकी देत. नोकरीत असताना सांगायची सोय नव्हती, आणि नोकरी सुटल्यावर धीर नव्हता. बारा वर्षं ते कल्याणच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीत चढत होते आणि गाडी सुटायच्या आत उतरत होते. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढे टब धुण्यापेक्षा एक तिकीट काढणं सोपं नव्हतं का, असं मनात आलं. पण निळ्या त्रिकोणाच्या माणसाने असं बोलायचं नसतं.

गेल्या वर्षी काथोडदादांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका मोठा की, मामी सांगतात, फोन मामांच्या कानाला असला तरी सगळं घर ऐकत होतं. "सायेब, सुनेची ओटी भरायची हाय. तुमी आन काकी आलंच पायजे. सून लय कामाची मिळालीय. माजा हात आता थरथरतो, तर औषद तीच मिसळते. तुमच्याच पद्धतीनं!"

मामांचा दुसरा हात तेव्हा टबात होता. तो तिथेच थांबला. फोन संपल्यावर त्यांनी हात बाहेर काढला. मग पुसून मला फोन लावला आणि पहिल्यांदाच कुठलीही प्रस्तावना न करता विचारलं, "जावईबापू, रविवारी गाडी मोकळी आहे का?"

रविवारी घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरून मी सकाळी सातला निघालो आणि शीळफाट्याला नेहमीची वाहतूककोंडी लागलीच. तासभर उशिरा कोपरला पोहोचलो तर मामा इमारतीखाली उभे. हातात हातमोज्यांचे सहा जोड, एक रबरी एप्रन, आणि त्यांच्या उंचीहून मोठी अशी एक बांबूची काठी, तासून गुळगुळीत केलेली. ती गाडीत मावेना. शेवटी मागच्या एका खिडकीतून आत आणि पुढच्या खिडकीतून बाहेर अशी तिला वाट दिली. मामी मागे बसल्या, मांडीवर हिरवी साडी, खण आणि नारळ, खांद्यावर काठी. शहाडच्या पुलाअलीकडे हवालदाराने थांबवलं.

"काय आहे हे?" त्याने काठीकडे बोट दाखवून विचारलं.

"ओटीचं सामान," मामा म्हणाले.

हवालदाराने मामींकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि आम्हाला जाऊ दिलं. वाटभर मामा पाठ करत होते. आधी फार मोठं भाषण होतं. त्यात कंपनी होती, वरचे साहेब होते, त्या काळात कोणालाच फारसं ठाऊक नव्हतं हेही होतं. शहाड ओलांडल्यावर वरचे साहेब गळले. रायतं गाव येईपर्यंत कंपनी गेली. मुरबाडला चहा घेतला तेव्हा उरली होती ती दोन वाक्यं, आणि ती ते चहाच्या पेल्यात बघत पुटपुटत होते.

काथोडदादांच्या अंगणात मांडव होता. त्यांनी मामांना हार घातला, जबरदस्तीने खुर्चीवर बसवलं आणि आपण समोर घोंगडीवर बसले. चहा आला तेव्हा मी पाहिलं, ते कप एका हाताने उचलत नव्हते. बशी दोन्ही हातांनी धरून तोंड खाली नेत होते. "वय झालं, दुसरं काय," ते हसून म्हणाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं होतं, आणि त्यांनी भेंडीचा हंगाम संपल्यावर बघू असं ठरवलं होतं. बायकांनी ओटी भरली. सून विशीतली, हिरव्या चुड्याची, लाजत नव्हती, उलट येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी आहे का, पान वाढलं का ते बघत होती. जेवणं झाली. मामा जेवले नाहीत असंच म्हणायला हवं. मग काथोडदादा उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "ह्याच सायेबांनी आपल्या गावाला हात घालायला शिकवलं. ह्याच खळ्यावर, ह्याच पिंपात." पिंप खरंच तेच होतं, कडेला गंजलेलं. सांजेला फवारणी होती, म्हणून ते भरूनच ठेवलेलं होतं. काथोडदादांच्या मुलाने डबा ओतला आणि पाणी पांढरं झालं. "सायेब, आजच्या पोरांना एक डाव दावा."

मामा जागचे हलले नाहीत. सासऱ्यांचा मान राहावा म्हणून सूनच पुढे झाली. "मी दावते की," म्हणाली, आणि हिरवा चुडा कोपराकडे सारू लागली.

"थांब, पोरी!" मामा ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. ते पिंपाजवळ गेले, तिच्या आणि पिंपाच्या मध्ये उभे राहिले आणि पाठ केलेली दोन वाक्यं म्हणाले. "काथोड, त्या दिवशी पिंपात औषध नव्हतं, दुधाची पावडर होती. मी फसवलं तुला."

मग मांडवाच्या खांबापाशी बसलेली काथोडदादांची बायको हातावर हात मारून उठली. "मी तवाच सांगितलं व्हतं! सायेब गेलं आन आमची मांजर पिंपाची कड चाटत बसली व्हती. मांजर कंदी औषद चाटंल का? तर ह्ये मला म्हनलं, तुला काय कळतं, सायेब खोटं बोलंल व्हय?" तीस वर्षांनी तिची बाजू खरी ठरली होती. बायका खो खो हसल्या, बाप्येही हसले, मलाही हसू आलं, आणि एक क्षण असं वाटलं की सगळं एवढ्यावरच निभावणार.

काथोडदादा हसत नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. मग मामांना अगदी साधेपणाने विचारलं, "म्हंजे सायेब, एवढी वरसं मी एकटाच हात घालत व्हतो?"

मामा "हो" म्हणाले. तेवढंच. मी उगाच काठी या हातातून त्या हातात घेतली. काथोडदादांनी ती माझ्याकडून मागून घेतली. तिचं टोक पिंपात घातलं आणि थरथरत्या हाताने ढवळलं, तीन वेळा उजवीकडे, तीन वेळा डावीकडे. मग ती मुलाच्या हातात दिली. "आजपासनं काठी," म्हणाले. "आन हिनं पिंपाजवळ जायाचं नाय." आणि घरात निघून गेले. मामींनी हातमोजे आणि एप्रन मुलाकडे दिले, ते कसे वापरायचे हे मामांऐवजी त्यांनीच समजावलं. बारा वर्षं ऐकून त्यांना पाठ होतं. आम्ही निघालो तरी काथोडदादा बाहेर आले नाहीत. त्यांच्या बायकोने धावत येऊन मागच्या सीटवर भेंडीची पिशवी ठेवली.

परतीच्या वाटेला लागलो. कल्याण आल्यावर मामींनी हळूच विचारलं, "घरच्या सरीतली असेल का हो?"

"नसेल," मामा म्हणाले. "आणि का असावी?"

घरी आल्यावर मामींनी सवयीने तिन्ही टब ओळीने मांडले, मीठ घातलं, सोडा घातला. मामा खुर्चीत बसून राहिले, म्हणून पिशवी मीच ओट्यावर रिकामी केली. वेडीवाकडी भेंडी, काही जून, निम्मीला भोकं. "फेकायची ती दिली वाटतं," मामी म्हणाल्या. तशी मामा उठले. त्यांनी एक भेंडी उचलली, नाकाशी नेली नाही, नखाने चिरली. आत बोटाच्या पेराएवढी हिरवट अळी वळवळत होती.

"अगं, अळी आहे!" मामा ओरडले. "जावईबापू, इकडे या, जिवंत अळी आहे!"

त्यांनी दुसरी चिरली, तिसरी चिरली. तिसरीतही होती. बाजारासाठी तोडलेली सरळ, तुकतुकीत, एकसारखी भेंडी मांडवामागे क्रेट भरून ठेवलेली मी स्वतः पाहिली होती. ती सोडून त्या घराने आम्हाला ही दिली होती. काथोडदादांच्या बायकोने आपल्या मनाने तोडली की त्यांनी आतून सांगितलं, ते मला माहीत नाही, आणि मामांनी ते कधी विचारलं नाही. त्या दिवशी टबांतलं पाणी तसंच राहिलं. मामींनी भेंडी ओल्या फडक्याने पुसली, अळीने खाल्लेले तुकडे काढून टाकले आणि भाजी केली. त्या घरात मी पहिल्यांदाच न धुतलेली भाजी खाल्ली. तिची चव काही निराळीच होती असं लिहायचा मोह होतो, पण भेंडी भेंडीसारखीच लागली. मामांनी तीन वेळा मागून घेतली.

अळ्या मात्र त्यांनी टाकू दिल्या नाहीत. पानावर घेऊन गॅलरीत गेले आणि मामींच्या जास्वंदीवर सोडल्या. "भेंडीची आणि जास्वंदीची भावकी एकच," म्हणाले, "उपाशी मरायच्या नाहीत." या माणसाने आयुष्यात किती अळ्या मारायची सोय केली असेल, याचा हिशेब मी केला नाही.

आता वर्ष होत आलं. काथोडदादांकडे नात झाली, ठणठणीत आहे म्हणतात. बारशाचं आमंत्रण त्यांच्या बायकोने केलं. काथोडदादा अजून मामांशी बोललेले नाहीत. हंगाम संपल्यावर ते मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले, गोळ्या चालू आहेत, आणि हात फवारणीच्या औषधामुळेच थरथरतो का या प्रश्नावर तेही डॉक्टर ठामपणे काही म्हणत नाहीत. मामा मात्र दर रविवारी फोन करतात. काथोडदादांची बायकोच उचलते. "हात कसा आहे?" मामा विचारतात. "तसाच हाय," ती सांगते. "आणि काठी?" "काठी हाय." एवढं झालं की फोन संपतो. परवा मी तिथे होतो. काठीचं उत्तर झालं, मामा फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून, जरा लांबून, तो ओळखीचा मोठा आवाज आला, "त्यांचा हात कसा हाय, ते इचार की."

मामांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "बरा आहे म्हणावं," ते म्हणाले. मग उठून टबाकडे गेले. खिळ्याला टांगलेला डाव हल्ली त्यांच्या हातात असतो. बाकी तीन टब, मीठ, सोडा, सगळं पूर्वीसारखंच आहे, आणि हिराबाई बकरीची भाजी पूर्ण भावाने देते. जास्वंदीची मात्र पार चाळण झाली आहे. अळ्यांच्या किती पिढ्या झाल्या कोण जाणे, यंदा तिच्यावर एक धड पान नाही, फुलाचं तर नाव नको. मामी गणपतीच्या फुलांची काळजी करत होत्या. थोडं काहीतरी मारा हो हिच्यावर, म्हणाल्या. मामांनी डावाने पाणी ढवळत गॅलरीकडे नुसतं पाहिलं.

"खाऊ दे," ते म्हणाले.